३.६ टक्के कशाचे? कोविड आयसीयूमधल्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवरचा एक शोधनिबंध वाचताना



आज एक असा शोधनिबंध घेऊया, ज्याचे आकडे तुम्ही कुठेतरी नक्की ऐकले असतील, पण मूळ निबंध बहुतेकांनी उघडलेला नसेल. मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, तो 'इन्फेक्शन अँड ड्रग रेझिस्टन्स' या नियतकालिकात आला. आयसीएमआरच्या औषध-प्रतिरोध पाळत जाळ्यातल्या दहा रुग्णालयांचा हा अभ्यास. जाळ्याचं काम पाहणाऱ्या डॉ. कामिनी वालिया त्याच्या लेखकांमध्ये आहेत. बातम्यांत त्याचं सार दोन वाक्यांत आलं: कोविडच्या ३.६ टक्के रुग्णांना रुग्णालयात दुसरा संसर्ग झाला, आणि त्यातले निम्म्याहून जास्त दगावले.

पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी मला हीच दोन वाक्यं पाठ म्हणून दाखवली. पाठ असायला हरकत नाही. पण समोरच्या सरांनी "३.६ टक्के, पण कशाचे?" असं विचारलं तर काय सांगणार? या पोस्टचा विषय तोच एक प्रश्न आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: हा निबंध महत्त्वाचा आहे, पण ३.६ हा संसर्गाचा दर नाही. किती संसर्ग सिद्ध करता आले, त्याचा तो दर आहे. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे, त्यात आमच्या वाशिमसारखे जिल्हे अख्खेच्या अख्खे गायब होतात.

निबंध काय सांगतो

आधी आकडे नीट मांडून घेऊ. काळ १ जून ते ३० ऑगस्ट २०२०, म्हणजे पहिली लाट. भरती झालेले कोविड रुग्ण १७,५३४. त्यातल्या ३.६ टक्के रुग्णांना जिवाणूंचा किंवा बुरशीचा दुय्यम संसर्ग झाला. अशा रुग्णांचा मृत्युदर ५६.७ टक्के, तर सगळ्या भरती रुग्णांचा १०.६ टक्के. संसर्ग झालेल्यांपैकी ७८ टक्के रुग्णांमध्ये ग्राम-निगेटिव्ह जिवाणू मिळाले. सगळ्यात पुढे क्लेबसिएला न्यूमोनिए, २९ टक्के. मागोमाग ॲसिनेटोबॅक्टर बॉमानी, २१ टक्के. कार्बापेनेम गटातल्या औषधांना, म्हणजे मेरोपेनेम-इमिपेनेम वगैरेंना, ॲसिनेटोबॅक्टरचे ९२.६ टक्के आणि क्लेबसिएलाचे ७२.८ टक्के नमुने दाद देत नव्हते.

जीवशास्त्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबते. कार्बापेनेम हे गंभीर संसर्गात बाकीची प्रतिजैविकं हरली की वापरायचं औषध. तेही चाललं नाही की उरतं मुख्यतः कोलिस्टिन, जे मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून मधली बरीच वर्षं बाजूला पडलेलं जुनं औषध. म्हणजे दहापैकी नऊ ॲसिनेटोबॅक्टर कार्बापेनेमला दाद देत नाहीत, याचा अर्थ डॉक्टरच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

दुसरी गोष्ट जंतूंच्या नावांची. क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर ही रुग्ण घरून घेऊन येतो अशी नेहमीची मंडळी नव्हेत. ही आयसीयूमधली स्थायिक मंडळी. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावरही दिवसच्या दिवस, कधी आठवडेच्या आठवडे तग धरतो: पलंगाचा कठडा, मॉनिटरची बटणं, व्हेंटिलेटरची नळी. श्वासनलिकेत घातलेल्या नळीवर, मोठ्या शिरेत टाकलेल्या कॅथेटरवर जिवाणूंचा चिकट थर बसतो आणि तिथून ते फुप्फुसात आणि रक्तात उतरतात. जंतूंची नुसती यादी पाहिली तरी यातला बराचसा संसर्ग रुग्णालयातच झाला असणार, हे दिसतं. निबंधाचं हे निरीक्षण पक्कं आहे आणि पुढची सगळी टीका करतानाही मी ते सोडणार नाही.

प्रश्न पहिला: तुलना कोणाशी?

आता वही-पेन घ्या.

१७,५३४ चे ३.६ टक्के म्हणजे सुमारे ६३१ रुग्ण. त्यांचे ५६.७ टक्के म्हणजे सुमारे ३५८ मृत्यू. सगळ्या रुग्णांतले मृत्यू १०.६ टक्क्यांनी सुमारे १,८५९. बातम्यांनी ५६.७ ची तुलना १०.६ शी केली. पण १०.६ मध्ये ते ३५८ मृत्यूही मोजलेलेच आहेत. एका वर्गाची तुलना त्याच वर्गासकट सगळ्या शाळेशी केल्यासारखं हे झालं. संसर्ग न सापडलेल्यांचा दर काढा: १,८५९ मधून ३५८ वजा केले, उरले १,५०१, रुग्ण उरले १६,९०३. दर येतो सुमारे ८.९ टक्के.

म्हणजे फरक पाचपट वाटत होता, तो सहापटीहून जास्त निघाला. पण थांबा, खूश होऊ नका. हा सहापटीचा आकडाही "संसर्गामुळे मृत्यू सहापट वाढला" असं सिद्ध करत नाही. ६३१ मधले लोक कोण होते? ज्यांना नळ्या लागल्या, स्टिरॉइड लागलं, जे दिवसच्या दिवस पडून राहिले ते. उरलेल्या १६,९०३ मध्ये पाच दिवस ऑक्सिजन घेऊन घरी गेलेलेही आहेत. जो आधीच जास्त आजारी, त्यालाच संसर्ग होण्याचा धोका जास्त आणि त्याचाच मृत्यूचा धोकाही जास्त. संख्याशास्त्रात ज्याला कन्फाउंडर म्हणतात तो हाच, दोन्हीकडे टाळी वाजवणारा घटक. आजाराची तीव्रता बाजूला काढल्याशिवाय संसर्गाचा स्वतःचा वाटा कळत नाही. व्हेंटिलेटरवरचा संसर्ग झालेला रुग्ण आणि व्हेंटिलेटरवरचाच संसर्ग न झालेला रुग्ण, अशी जोडी लावायला हवी. मृत्युदराचे हे दोन आकडे शेजारी ठेवून ती लागत नाही.

आता उलट्या दिशेनं पाहा. एकूण मृत्यूंपैकी सुमारे १९ टक्के रुग्णांमध्ये दुय्यम संसर्ग सिद्ध झाला होता. उरलेल्या ८१ टक्क्यांत तो नव्हता, की शोधलाच नाही? इथून दुसरा प्रश्न सुरू होतो.

प्रश्न दुसरा: तपासलं कोणाला?

३.६ च्या अंशात यायचं तर रुग्णाला काय काय घडावं लागतं ते पाहा. त्याला ताप परत यावा किंवा रक्तातले आकडे बिघडावेत. ते डॉक्टरच्या लक्षात यावं. कल्चरसाठी रक्त किंवा श्वासनलिकेतला स्राव घेतला जावा, आणि शक्यतो नवं प्रतिजैविक सुरू करण्याआधी, कारण नंतर घेतला तर जंतू वाढेलच असं नाही. नमुना लॅबमध्ये वेळेत पोचावा. लॅबमध्ये माणसं असावीत. दोन-तीन दिवसांनी अहवाल यावा. यातली एक पायरी चुकली की तो रुग्ण "संसर्ग नाही" या खान्यात जातो. मात्र छेदात तो असतोच, कारण छेदात भरती झालेले सगळे आहेत.

म्हणून छेद बदलला की चित्र कसं बदलतं ते नुसतं समजायला म्हणून बघा. समजा, त्या १७,५३४ पैकी २,००० जणांचंच कल्चर पाठवलं असतं, तर त्या दोन हजारांत ६३१ म्हणजे साडेएकतीस टक्के. हा माझा काल्पनिक आकडा आहे, तो कुठे लिहू नका. मुद्दा एवढाच की ३.६ आणि ३१.५ ही दोन्ही उत्तरं एकाच अंशावरून येतात. फरक फक्त छेदाचा. जून-ऑगस्ट २०२० मध्ये तर नमुना घेणं हेच धोक्याचं काम मानलं जात होतं. अंगभर पीपीई घातलेली नर्स, एका पाळीत नेहमीपेक्षा जास्त रुग्ण, लॅबवर आरटी-पीसीआरचा भार. त्या दिवसांत कल्चर कमी गेली असतील, तर संसर्गही कमीच "सापडले" असणार.

याला दुसरी बाजूही आहे, तीही न्यायानं सांगायला हवी. श्वासनलिकेच्या स्रावात ॲसिनेटोबॅक्टर वाढला म्हणजे रुग्णाला न्यूमोनिया झालाच असं नाही. नळीवर तो नुसता मुक्काम करून असू शकतो. मुक्काम आणि संसर्ग यांत भेद करायला रुग्णाची लक्षणं, छातीचा एक्स-रे, बाकीच्या तपासण्या लागतात. आणि कोविडनं फुप्फुस आधीच पांढरं पडलेलं असताना एक्स-रेवरून हा भेद करणं अतिशय अवघड. म्हणजे ३.६ मध्ये काही खोटे संसर्ग असतील आणि ३.६ च्या बाहेर बरेच खरे राहिले असतील. कोणत्या बाजूचं पारडं जड, ते नुसत्या टक्केवारीवरून सांगता येत नाही.

आता वाशिमकडे येते.

या अभ्यासात महाराष्ट्रातून मुंबईची हिंदुजा आणि सायन ही रुग्णालयं आहेत. विदर्भातलं एकही नाही. जाळ्यात येण्यासाठी उत्तम लॅब लागते, त्यामुळे निवड अशीच होणार, त्यात कोणाचा दोष नाही. पण निबंधाच्या नावात "इंडियन एक्सपिरियन्स", म्हणजे भारतीय अनुभव, असे शब्द आहेत. कोणत्या भारताचा? वाशिम १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. साथीच्या काळात इथे वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. पेशंट बिघडला की "अकोल्याले हलवा" हे वाक्य इथल्या प्रत्येक घरानं ऐकलेलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी पॉझिटिव्ह निघाले आणि वाशिमचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. गंमत बघा, घशातले किती स्वॅब पॉझिटिव्ह आले ते आम्हाला एकेका आकड्यापर्यंत माहीत होतं. आमच्या माणसांची किती कल्चर पॉझिटिव्ह आली, ते विचारायचं असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

आमच्या तालुक्यातल्या एका कुटुंबानं दुसऱ्या लाटेतली एक फाईल जपून ठेवली आहे, ती मी त्यांच्या परवानगीनं वाचली. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. एकोणीस दिवसांचा मुक्काम. तिसऱ्या दिवशी मेरोपेनेम सुरू. नवव्या दिवशी व्हेंटिलेटर. अकराव्या दिवशी ताप परतला आणि कोलिस्टिन जोडलं. फाईलमध्ये सीटी स्कॅन आहे, डी-डायमर चार वेळा केलेलं आहे, प्रत्येक औषधाचं बिल आहे. कल्चरचा एकही कागद नाही. मृत्यूच्या कारणात "कोविड न्यूमोनिया". डॉक्टरांनी कोलिस्टिन लावलं म्हणजे त्यांना शंका आली होतीच. पण शंकेला अहवालाची जोड नाही, म्हणून ही व्यक्ती देशातल्या कुठल्याही अभ्यासात दुय्यम संसर्गाच्या खान्यात कधीच येणार नाही. मी इथे कोणावर ठपका ठेवत नाहीये, त्या आठवड्यांत डॉक्टर काय परिस्थितीत काम करत होते ते सगळ्यांनी पाहिलंय. मी एवढंच म्हणतेय की ज्या मृत्यूची अशी नोंदच नाही, त्यावर आधारलेलं धोरणही कोणी करणार नाही. शून्य नोंद आणि शून्य संसर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण तक्त्यात दोन्ही सारख्याच दिसतात.

प्रश्न तिसरा: घड्याळ कधी सुरू झालं?

हा मुद्दा जरा अवघड आहे, पण मुलाखतीत आणि पुढे थीसिसमध्ये फार उपयोगी पडतो.

वाशिमहून अकोल्याला एसटीनं निघालात की वाटेत मालेगाव, मेडशी, मग पातूर लागतं. समजा, कोणी पाहणी केली आणि निष्कर्ष काढला: "पातूरला चहा पिणारे प्रवासी सरासरीपेक्षा जास्त वेळ गाडीत बसतात, म्हणजे चहामुळे प्रवास लांबतो." तुम्ही हसाल. मालेगावला उतरलेला माणूस पातूरचा चहा पिणार कसा? पातूरपर्यंत जो गाडीत राहिला, त्यालाच चहा मिळणार.

रुग्णालयजन्य संसर्गाचंही असंच आहे. सर्वसाधारण व्याख्येप्रमाणे भरतीनंतर ४८ तास उलटून झालेला संसर्गच रुग्णालयातला धरतात. जो रुग्ण पहिल्याच दिवशी दगावला, त्याला तो होऊच शकत नाही. तो आपोआप "संसर्ग नाही" या गटात जातो आणि त्या गटाचा मृत्युदर वाढवतो. जो चौथ्या दिवशी बरा होऊन घरी गेला, तोही त्याच गटात जातो आणि मृत्युदर कमी करतो. दोन उलट ओढी एकाच वेळी चालू असतात. त्यामुळे ५६.७ विरुद्ध ८.९ या तुलनेत खरा परिणाम फुगलाय की दबलाय, हे वरून सांगता येत नाही. यावर उपाय आहेत: संसर्ग हा दिवसागणिक बदलणारा घटक म्हणून मांडायचा, किंवा दहाव्या दिवशी संसर्ग झालेल्याची तुलना दहाव्या दिवसापर्यंत व्हेंटिलेटरवर असलेल्या, पण संसर्ग न झालेल्याशी करायची. आणि दर काढताना छेदात माणसं न घेता दिवस घ्यायचे. व्हेंटिलेटरचे दर हजार दिवसांमागे किती न्यूमोनिया, मोठ्या शिरेतल्या कॅथेटरच्या दर हजार दिवसांमागे किती रक्तसंसर्ग. ही पद्धत नवी नाही. एम्स दिल्लीच्या पुढाकारानं चालणारं रुग्णालयजन्य संसर्गाचं पाळत जाळं हेच माप वापरतं.

प्रश्न चौथा: हे कोविडनं केलं का?

बातम्या वाचून अनेकांचा समज झाला की साथीनं "सुपरबग" जन्माला घातले. थोडं मागे जाऊ. मार्च २०१० मध्ये हिंदुजातल्याच डॉक्टरांनी भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला होता. कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये त्यांना एनडीएम-१ हे विकर सापडलं. नंतर त्या विकराच्या नावात दिल्ली का, यावरून केवढा गदारोळ झाला, पण प्रश्न मुंबईच्या वॉर्डांत त्याआधीच हजर होता.

मग आयसीएमआरच्याच जाळ्याचे वार्षिक आकडे बघा. क्लेबसिएलाच्या नमुन्यांपैकी इमिपेनेमला दाद देणारे २०१६ मध्ये ६५ टक्के होते. २०२० मध्ये ४५, २०२१ मध्ये ४३. म्हणजे घसरण साथीच्या आधीपासून चालू होती. आता कोविड-निबंधात क्लेबसिएलाचा कार्बापेनेम-प्रतिरोध ७२.८ टक्के, म्हणजे दाद देणारे फार तर २७. "४५ वरून थेट २७ वर आणलं कोविडनं" असं म्हणायचा मोह होतो. म्हणू नका. ४५ मध्ये सगळ्या विभागांचे, सगळ्या आजारांचे रुग्ण आहेत. २७ मध्ये कोविडनं भरती झालेले, आणि त्यातही कल्चर पाठवण्याइतके आजारी रुग्ण. आयसीयूमध्ये प्रतिरोध नेहमीच जास्त असतो. तुलना करायचीच तर त्याच रुग्णालयाच्या त्याच आयसीयूची, २०१९ च्या जून-ऑगस्टशी. निबंधाला अशा तक्त्याची जोड असती तर त्याचं वजन दुप्पट झालं असतं. लॅबची जुनी माहिती या जाळ्याकडे आहे, म्हणून ही अपेक्षा अवास्तव नाही.

दुसरा प्रचलित समज गोळ्यांचा: लोकांनी मेडिकलवरून ॲझिथ्रोमायसिन आणून खाल्ली, म्हणून हे जंतू माजले. गोळ्या खपल्या हे खरंच आहे. २०२१ मध्ये 'प्लॉस मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार जून ते सप्टेंबर २०२० या काळात भारतात प्रतिजैविकांचे सुमारे २१.६४ कोटी डोस अपेक्षेपेक्षा जास्त विकले गेले, त्यात ॲझिथ्रोमायसिनचे ३.८ कोटी. पुढे मोठ्या चाचण्यांत ॲझिथ्रोमायसिनचा कोविडवर उपयोग नाही हेही दिसलं. हा अपव्यय वाईटच, त्याचे परिणाम समाजातल्या जंतूंवर होणार. पण आयसीयूमधल्या कार्बापेनेम-प्रतिरोधी ॲसिनेटोबॅक्टरचं खापर त्या गोळ्यांवर फोडणं म्हणजे एका अभ्यासाचा अंश दुसऱ्याच्या छेदावर ठेवणं. गावातल्या माणसानं पाच गोळ्या खाल्ल्या आणि त्याला अकोल्यात व्हेंटिलेटरवर ॲसिनेटोबॅक्टर झाला, तर तो जंतू त्याच्या घरून बहुधा आलेला नव्हता. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर तो हातांनी, मोज्यांनी, उपकरणांनी नेला.

अमेरिकेचं उदाहरण इथे कामाला येतं. तिथे प्रिस्क्रिप्शनशिवाय गोळ्या मिळत नाहीत. तरीही तिथल्या सीडीसीच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२० मध्ये रुग्णालयात होणारे कार्बापेनेम-प्रतिरोधी ॲसिनेटोबॅक्टरचे संसर्ग ७८ टक्क्यांनी वाढले. औषध-प्रतिरोधी जंतूंविरुद्धची काही वर्षांची कमाई एका वर्षात गेली. कारणं ओळखीची: रुग्ण जास्त, नर्स कमी, नळ्या जास्त दिवस, मोजे-गाऊनचा तुटवडा, संसर्ग-नियंत्रणाची माणसं दुसरीकडे वळवलेली. पीपीईबद्दल एक गोष्ट आपण विसरतो. दिवसभर घातलेला पीपीई नर्सला विषाणूपासून वाचवतो. रुग्णाला शेजारच्या रुग्णाच्या जंतूपासून वाचवत नाही. त्यासाठी प्रत्येक रुग्णानंतर मोजे बदलावे लागतात, हात धुवावे लागतात. आणि पालथं झोपवलेल्या एका रुग्णाला उलटवायलाच चार-पाच जोड्या हात लागतात.

हे का महत्त्वाचं? कारण दोष कुठे ठेवला यावर पैसा कुठे जाणार ते ठरतं. दोष फक्त गोळ्या खाणाऱ्यावर ठेवला की उपाय होतो जनजागृतीचं पोस्टर. दोष आयसीयूच्या व्यवस्थेत दिसला की उपाय होतो नर्सची भरती, बेसिन, लॅब आणि संसर्ग-नियंत्रणाची पूर्णवेळ नर्स. पोस्टर स्वस्त पडतं.

मग या निबंधाचं करायचं काय?

फेकून द्यायचा नाही. साथ चालू असताना, दहा रुग्णालयांतून, जंतूच्या नावासकट आणि कुठलं औषध लागू पडतं यासकट माहिती गोळा करणं सोपं नव्हतं. त्याच काळात दिल्लीतल्या एका आयसीयूमधून कॅन्डिडा ऑरिस या बुरशीवर आलेला अभ्यास ५९६ रुग्णांवर होता आणि त्यात रक्तात कॅन्डिडा सापडलेले रुग्ण होते पंधरा, त्यातल्या दहांमध्ये ऑरिस. अशा छोट्या आकड्यांच्या शेजारी १७,५३४ ची किंमत कळते. कोविड रुग्ण भरती झाला की हात आधी जड प्रतिजैविकाकडे न नेता कल्चरकडे न्या, ही त्यातून निघणारी शिकवणही योग्य. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं की जगभरात भरती झालेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे ८ टक्क्यांनाच जिवाणूसंसर्गासाठी प्रतिजैविकाची गरज होती, आणि दिलं गेलं सुमारे ७५ टक्क्यांना. पण आता तुम्ही इथेही थांबून विचारालच: ते ८ टक्के कोणत्या छेदावर, आणि तपासलेल्यांपैकी की भरती झालेल्यांपैकी?

आणखी एक, तारखेचं. निबंध मे २०२१ मध्ये छापून आला, म्हणून वाचणाऱ्यांना तो दुसऱ्या लाटेचा वाटला. माहिती आहे पहिल्या लाटेची, तीही केंद्राच्या उपचार-नियमावलीत डेक्सामेथासोन नुकतंच आलं होतं तेव्हाची. दुसऱ्या लाटेत स्टिरॉइडचा वापर, ऑक्सिजनचा तुटवडा, खाटांची गर्दी सगळंच वेगळं होतं. छपाईची तारीख आणि माहितीची तारीख वेगवेगळी लिहून ठेवायची सवय लावा. माझ्या वहीत प्रत्येक पेपरच्या डोक्यावर या दोन तारखा असतात.

शेवटी आपल्याकडचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. इमारती, खाटा, प्रवेश यांची चर्चा होते. माझी चौकशी एवढीच असते की सूक्ष्मजीवशास्त्राची लॅब कधी पूर्ण क्षमतेनं चालेल आणि रात्री दहाला पाठवलेलं रक्त-कल्चर तिथे कोणी घेईल का. जिल्ह्याचा स्वतःचा अँटिबायोग्राम, म्हणजे आपल्याकडे कोणता जंतू कोणत्या औषधाला किती दाद देतो याचा वर्षाचा तक्ता, बनला तर कारंजा-मंगरूळपीरच्या डॉक्टरला मुंबईच्या आकड्यांवर अंदाज बांधावा लागणार नाही. तुमच्यापैकी कोणाला एम.एस्सी. प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर हा घ्या: आपल्या भागातल्या एका रुग्णालयात गेल्या वर्षभरात आयसीयूमध्ये किती रुग्णांना वरच्या गटाचं प्रतिजैविक सुरू झालं आणि त्यातल्या किती जणांचं कल्चर त्याआधी घेतलं गेलं. नैतिक समितीची परवानगी लागेल, नोंदवह्या चाळाव्या लागतील, धूळ खावी लागेल. जीनोम सिक्वेन्सिंग नाही, महागडं किट नाही. पण हा आकडा निघाला तर तो जिल्ह्यातला पहिला असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्याचा छेद तुम्ही स्वतः मोजलेला असेल.

पुढच्या वेळेपर्यंत काम: तुमच्या विषयातला कुठलाही एक गाजलेला टक्केवारीचा आकडा घ्या आणि एका पानावर चार ओळी लिहा. छेद काय, तपासलं कोणाला, घड्याळ कधी सुरू झालं, तुलना कोणाशी. चौथी ओळ लिहिताना अडलात तर पहिली परत वाचा.